परीक्षक क्रमांक तीन

नुंगंबाक्कम, चेन्नई
९ जुलै २०२४

तुळजा,

माझे मेल तू न उघडता काढून टाकतेस, हे मला माहीत आहे. फोन उचलत नाहीस, हेही. म्हणून कागद. फाडायला तरी तो हातात घ्यावा लागेल, आणि हातात आलेलं लिखाण तू वाचल्याशिवाय सोडत नाहीस. सहा वर्षं माझ्या प्रयोगशाळेत होतीस, एवढं तरी मी तुला ओळखते.

तीन वर्षं झाली. प्रबंधाची तोंडी परीक्षा संपली, टाळ्या वाजल्या, सगळ्यांना द्रोणातून केसरी शिरा वाटला गेला, आणि तू माझ्या खोलीकडे न वळता सरळ लिफ्टकडे गेलीस. मी दार उघडं टाकून बसले होते. पाऊण तास. नंतर मीच उठून लावून घेतलं. विद्यार्थ्यांनी पाया पडावं असं मला कधीच वाटलं नाही, तो प्रकार मला आवडतही नाही. पण 'येते मॅडम' एवढं म्हणायला काय लागत होतं?

मी बरी आहे. भाषणं चालू आहेत, गेल्या महिन्यात चार झाली. लोक बोलावतात, कारण मी जे बोलते ते त्यांना घरी जाताना बरोबर नेता येतं. मेंदूत मोठेपणीही नव्या पेशी जन्माला येतात आणि ताण त्यांना कोवळ्या असतानाच मारतो. म्हणून ताण ही कुणाची खासगी कुरकुर नाही, तो गुन्हा आहे. आणि गुन्हा असला की गुन्हेगारही असतो, त्याला नाव असतं, पत्ता असतो. वीस वर्षं मी हे सांगते आहे. त्यामागे माझे उंदीर आहेत, माझे आकडे आहेत, मायक्रोस्कोपवर वाकून वाकून गेलेली माझी मान आहे.

म्हैसूरला तुझं उत्तम चाललंय असं कळलं. तिथल्या परिषदेत तू बोललीस आणि प्रश्न विचारायला रांग लागली, असंही. तू? माझ्यासमोर एक वाक्य पुरं करायला दोनदा घसा खाकरणारी तू? 'मज ठाऊक नाही, बघून सांगत्यें मॅडम' असं तुझं ते तंजावरी मराठी ऐकलं की सगळे हसायचे. गंधार तेव्हा नवा होता, तो तर पोट धरून. हसणाऱ्यांत मी होते, हे कबूल करते. तुझी मराठी तीनशे वर्षांची आहे आणि माझी अकोल्याच्या एका शाळेतली, हे मला माहीत असूनही.

रांग किती मोठी होती? सांगणाऱ्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तरी गेले दहा दिवस मी ती मनात मोजते आहे. कधी आठ माणसं होतात, कधी वीस.

सध्या कशावर काम करतेस? सहज विचारते.

तुझ्या प्रबंधातून मी एक प्रकरण काढायला लावलं होतं, मंगळवार-शुक्रवारच्या पिंजऱ्यांचं, जिथे ताण देऊनही पेशी मरत नव्हत्या. ते तू सोडून दिलं असशील, तर शहाणपणा केलास.

विद्युलता मॅडम


२८ जुलै
(हे टाकणार नाही)

तुळजा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तू कशावर काम करतेस हे मला ११ जूनपासून माहीत आहे.

त्या दिवशी एका नियतकालिकाने मला एक लेख तपासायला पाठवला. लेखकाचं नाव झाकलेलं होतं; तिथे तसाच नियम आहे. लेखकाला परीक्षक कळत नाहीत, परीक्षकांना लेखक कळत नाही. आम्ही तिघं, त्यांतली मी क्रमांक तीन. पंख्याखाली बसून वाचायला घेतला आणि तिसऱ्या पानावर मला तू दिसलीस.

कशामुळे, ते तुलाच कळेल. मेंदूचा कुठला काप ताण दिलेल्या उंदराचा आणि कुठला नाही, हे मोजणाऱ्याला कळू नये म्हणून सगळेच स्लाइडवर चिठ्ठ्या चिकटवतात आणि खरी यादी लपवतात. कुणी कपाटात, कुणी ऑफिसात. तुझ्या लेखात होतं: 'यादी बंद पाकिटात संस्थेच्या उपाहारगृहातील व्यक्तीकडे ठेवण्यात आली.' कँटीनवाल्याला पाकीट देणारी प्रयोगशाळा माझ्या माहितीत एकच आहे. नियम मी केला होता: ज्याला आपल्या निकालाशी काडीचं देणंघेणं नाही, त्याच्याकडेच किल्ली द्यायची. माझ्या घरातून गेलीस आणि माझा नियम डब्यात भरून नेलास.

लेखक ओळखू आला की एका तासात लेख परत करायचा असतो. दोन ओळींचा मेल पुरतो. मी नवख्यांना हे दरवर्षी शिकवते.

मी परत केला नाही.

पुढे वाचलं. एकवीस दिवस, रोज दोन तास, जाळीच्या नळीत कोंबलेले उंदीर. सगळ्यांना सारखाच ताण. बाहेर काढल्यावर अर्ध्यांना रिकाम्या पिंजऱ्यात सोडलं, अर्ध्यांना त्यांच्या ओळखीच्या सोबत्याजवळ. एकट्यांच्या नव्या पेशी निम्म्याने गेल्या. सोबत मिळालेल्यांच्या जवळजवळ सगळ्या जगल्या. ताण तोच, नळी तीच, तास तेच.

म्हणजे माझी वीस वर्षं अर्धवट होती. चूक म्हणाली असतीस तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. अर्धवट या शब्दाशी कसं भांडायचं?

मला राग आला असं तुला वाटेल. राग माझ्या ओळखीचा आहे, मी त्यावर जगते. हे दुसरंच काही होतं. मी तुझे आलेख पाहिले, स्वच्छ, एकही रेघ जास्त नाही, आणि मला वाटलं की हे हात माझे असायला हवे होते. तुझं डोकंसुद्धा नको होतं मला, फक्त हे पान. खाली माझं नाव असलेलं हे एक पान.

उपेंद्र फिल्टर कॉफी घेऊन आले. 'एवढं काय वाचतेस? तोंड असं का झालंय?'

'एका मुलीचा पेपर आहे.'

'वाईट आहे?'

'नाही.'

'मग त्यानेच झालंय,' म्हणाले आणि पेला ठेवून गेले. बँकेत तीस वर्षं माणसांची तोंडं बघून कर्ज दिलेला नवरा आहे माझा.

मग मी परीक्षण लिहिलं. फार सुंदर लिहिलं. हाच प्रयोग माद्यांवरही व्हायला हवा, आणि पेशी सहा महिन्यांनंतरही टिकतात का हे दाखवायला हवं, अशा दोन मागण्या केल्या. कुणीही म्हणेल की मागण्या रास्त आहेत; माझी हुशारी नेमकी तिथेच आहे. त्यांना सव्वा वर्ष लागेल. तुझी फेलोशिप मार्चमध्ये संपते आणि कायमच्या जागेची मुलाखत जानेवारीत आहे, तीही लेख हातात असेल तरच. हे मला लिहिताना माहीत होतं.

आणि दुसऱ्या दिवशी गंधारला बोलावून मी म्हटलं, 'एक प्रयोग सुचलाय. सोबतीचा. ताबडतोब सुरू कर.'

सुचलाय, म्हणाले.


१९ सप्टेंबर

तुळजा,

तुझं पत्र मिळालं. तीन वर्षांत पहिलं आणि तेही एवढंसं. इथे पुन्हा उतरवते, म्हणजे मी कशाला उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील.

'मॅडम, तुमच्या श्रीपेरुंबुदूरच्या भाषणाचा व्हिडिओ माझ्या आईस कुणी पाठविला, तिने मज. त्यात तुम्ही म्हणता, ताणाने माणूस मरत नाही, ताणानंतर एकटा सोडला की मरतो. हे वाक्य तुम्हांस कोठे मिळाले? माझा लेख अद्याप छापलेला नाही. शिवाय मी उंदरांविषयी लिहिले होते.'

उत्तर देते.

तिथल्या मोटार कारखान्यांतल्या मराठी मुलांनी गणपती बसवला होता. आठ तारखेचा रविवार, भाड्याचा हॉल, दोनशे मुलं. अर्धी कंपनीच्या बसमधून उतरून गणवेशातच आलेली, डोळे तांबडे. मी नेहमीचं बोलले, ताण, कोवळ्या पेशी, गुन्हा, गुन्हेगार. हॉल पेटला होता. मग मागून संकेत नावाचा जळगावचा मुलगा उभा राहिला. त्याने माईकही घेतला नाही.

'मॅडम, तुमचं सगळं खरं. पण शिफ्ट काही बंद होणार नाही. हप्ता आहे, घरी पैसे जातात. ताण राहणारच. मग आम्ही काय, मरायचंच का?'

तुळजा, वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. टाळ्या वाजवणारे लोक प्रश्न विचारत नाहीत. दोनशे तांबडे डोळे माझ्याकडे लागले होते आणि माझ्या जुन्या भाषणात त्यांना द्यायला काहीच नव्हतं. मी लोकांना नुसती भीती देत हिंडत होते. तेव्हा ते वाक्य आलं. ताणाने माणूस मरत नाही. ताणानंतर एकटं सोडलं की मरतो. शिफ्टवरून आलेल्याला खोलीत एकटं जेवू देऊ नका. मी एवढंच म्हणाले आणि खाली बसले. टाळ्या मग वाजायला लागल्या त्या थांबेनात. संकेत रडत होता.

ते मला कुठे मिळालं, असं तू विचारतेस. विचार कुणाच्या सातबाऱ्यावर नसतात. ज्या प्रश्नावर एखादी बाई पंचवीस वर्षं घासते, त्याचं उत्तर तिला एक दिवस सुचू शकतं, हे तुला अशक्य का वाटावं? मंगळवार-शुक्रवारचे पिंजरे कुणाचे होते? उंदीर कुणाचे, नळ्या कुणाच्या, तुला काप घ्यायला कुणी शिकवलं? पहिल्या वर्षी तुझे काप वाकडे जायचे तेव्हा मनगट कुणी धरलं?

आणि वाक्य म्हणशील, तर ते वाक्य माझंच आहे. तू काय लिहिलंस? 'ताणोत्तर सहवासामुळे नवजात पेशींच्या टिकून राहण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला.' हे ऐकून संकेत रडला असता? तू दगड खणून काढलास, मूर्ती मी केली. दोनशे माणसांसमोर उभं राहून एकदा बोलून बघ, मग मला विचार.

व्हिडिओ काढून टाकावा अशी तुझी अपेक्षा असेल, तर मला त्याची गरज वाटत नाही. चाळीस हजार लोकांनी तो पाहिला आहे. चाळीस हजार लोकांना काहीतरी मिळालं, याचा तुला आनंद का होत नाही?

विद्युलता


८ नोव्हेंबर

तुळजा,

गेलं पत्र एग्मोरच्या पोस्टातल्या पेटीत टाकलं, जवळच्या एका हॉटेलात शिरले, इडली मागवली, आणि ती समोर आल्यावर मला कळलं मी काय केलंय. तुझा न छापलेला लेख मी शब्दन् शब्द तुलाच वाचून दाखवला होता. इंग्रजीचं मराठी करून, अवतरणचिन्हांत घालून. माझ्या बोलण्याची नशा मला एवढी चढते की स्वतःविरुद्धचा पुरावाही मी ठसक्यात सादर करते. इडली तशीच टाकून पोस्टात परत गेले. पेटी मोकळी झाली होती.

मग मी वाट पाहिली. तू संपादकांना कळवशील, ते मला विचारतील, मी झगडेन. झगड्याची पूर्ण तयारी केली होती, मुद्देसुद्धा मांडून ठेवले होते. एक महिना गेला, दीड गेला. तू तक्रार केली नाहीस. का ते मला आधी कळलं नाही. मग कळलं. मार्चमध्ये फेलोशिप संपणारी मुलगी आणि वीस वर्षं सभा गाजवणारी बाई, यांत कुणाचं ऐकतील हे तुला माहीत होतं. ताण दिला, आणि नंतर एकटं सोडलं. तुझाच प्रयोग मी तुझ्यावर केला.

गेल्या सोमवारी गंधारचे आकडे आले. कँटीनवाल्याकडून त्याने पाकीट आणलं, यादी उघडली, जुळवली. तुझंच उत्तर. जवळपास दशांशापर्यंत तुझंच. त्याला घाम फुटला होता आनंदाने.

'मॅडम, तीन आठवड्यांत लिहून देतो. आपणच पहिले.'

'लिही.'

दाराशी जाऊन थांबला. 'प्रस्तावनेत एक वाक्य लागेल. ही कल्पना कशावरून आली, ते काय लिहू?'

मी चेन्नईच्या भर सभांत मंत्र्यांना गप्प केलेलं आहे. या मुलाला मात्र 'नंतर सांगते' म्हणाले आणि तो गेल्यावर खाली अ‍ॅनिमल हाउसमध्ये गेले. चोवीस वर्षं तिथे पिंजरे धुणाऱ्या अंजलै अम्मा नळाशी बसल्या होत्या. तुझं तमिळ माझ्यापेक्षा चांगलं आहे, तरी हे मराठीत लिहिते. मराठीत आणलं की मला ते पुन्हा नीट ऐकू येतं.

'तुळजा होती तेव्हा मंगळवारी-शुक्रवारी तुम्ही काय करायचात?'

'धुलाई. बाकीचे पिंजरे सकाळीच व्हायचे. या दोन रांगांतले उरायचे, दुपारी. तोवर तुमची नळीतली पोरं बाहेर यायची. पिंजरा वाळेपर्यंत सगळ्यांना एका टबात ठेवायची मी.'

'सगळ्यांना एकत्र? नियम एकेकट्याचा आहे, अम्मा.'

'दोन-दोन तास नळीत कोंबता, बाहेर काढल्यावर परत एकटं कोंबायचं? अंग चिकटवून झोपायची बिचारी. मी काय करायला पाहिजे होतं, एकेकाला हातात धरून बसायला?'

'हे मला का नाही सांगितलं?'

'तुम्ही कधी विचारलं?' हात न थांबवता म्हणाल्या. 'त्या पोरीने विचारलं. स्टूल घेऊन माझ्याजवळ अर्धा दिवस बसली. घरचे कोण आहेत ते पण विचारलं.'

एवढा वेळ मला वाटत होतं की मी तुझ्या हातांवर जळते, तुझ्या आलेखांवर, त्या रांगेवर. त्या नळाशी उभं राहून कळलं, मी त्या स्टुलावर जळते. कष्टकऱ्यांच्या नावाने मी वीस वर्षं घसा फोडला आणि माझ्या तळमजल्यावरच्या बाईला चोवीस वर्षांत एक प्रश्न विचारला नाही. तू विचारलास. मी प्रकरण काढून टाक म्हटलं तेव्हा तू सांगायचा प्रयत्न केला होतास, हे आता आठवतं. 'मॅडम, टबाचें एक आहे' म्हणाली होतीस, आणि मी तुझ्या 'टबाचें' वर हसले होते.

आता काय केलं ते. संपादकांना आज पत्र गेलं. मी लेखक ओळखला होता, तरी लेख ठेवला. वेळखाऊ मागण्या हेतुपुरस्सर केल्या. त्यातला निष्कर्ष जाहीर सभेत वापरला. आणि तोच प्रयोग माझ्या प्रयोगशाळेत करवून घेतला. माझं परीक्षण बाद करावं, लेखाची ११ जूनपूर्वीची तारीख कायम धरावी, असं लिहिलं. प्रत संस्थेच्या संचालकांना. तुझी प्रत सोबत आहे. जुलैमधलं एक न टाकलेलं पत्रही सोबत आहे. ते तू वाचावंस असं मला मुळीच वाटत नाही, म्हणूनच पाठवते.

गंधारला खरं सांगितलं. त्याने वही मिटली. मग म्हणाला, 'मग हे आकडे तुळजाअक्काचे.' मी त्याला हो म्हटलं. एवढं हलकं वाक्य मला गेल्या पाच महिन्यांत सुचलं नव्हतं.

क्षमा मागत नाही. मागितली की ती देण्याचं कामही तुझ्याच गळ्यात पडेल.

विद्युलता


१४ डिसेंबर

तुळजा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. 'लेख स्वीकारतील असें दिसते. नव्या परीक्षकांनी दुसऱ्या प्रयोगशाळेची साक्ष मागितली आहे, दहा दिवसांत. गंधारचे आकडे पाठवावेत.' क्षमेबद्दल एक अक्षर नाही, आणि रागाबद्दलही नाही. पोस्टकार्डावर जागा होती, मी बघितली.

इकडची हकीकत थोडक्यात. संचालकांनी खुलासा मागितला, तो दिला. मार्चमध्ये निवृत्त झाल्यावर मला मिळणार होती ती मुदतवाढ आता मिळणार नाही. विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करायचं काम काढून घेतलं, गंधार दुसऱ्या मार्गदर्शकाकडे गेला, रोज येऊन जातो. तो व्हिडिओ संकेतने टाकला होता, त्यानेच काढला. माझ्याच सांगण्यावरून त्याच जागी त्याने दुसरा टाकला, दीड मिनिटाचा, त्यात मी हातवारे न करता सांगते की ते वाक्य माझं नाही, छापून येईल तेव्हा नाव कळेल. चाळीस हजार लोकांनी चोरी पाहिली होती. कबुली तीनशे बारा जणांनी पाहिली आहे, त्यांत सहा वेळा मीच. संकेतने खाली लिहिलं, 'कुणाचं का असेना मॅडम, आम्ही आता सहाजण एकत्र जेवतो.' मला ते वाचून बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, हे खरं तर तुझ्या पत्त्यावर जायला हवं होतं, आणि ते पाठवायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून इथे लिहून टाकलं.

मुलाखतीसाठी निवड समितीने तुझ्या मार्गदर्शकाचं, म्हणजे माझं, शिफारसपत्र मागितलं. तसा नियमच आहे, टाळता येत नाही. मी आधी त्यांना जूनपासूनचं सगळं कळवलं आणि विचारलं, अशा माणसाचं पत्र चालेल का. चालेल म्हणाले. तीन खर्डे केले. पहिल्यात तुझी स्तुती होती आणि तिच्यात सगळीकडे मीच होते: माझ्या हाताखाली, माझ्या प्रयोगशाळेत, मी शिकवलेली. फाडला. दुसराही तसाच निघाला, फक्त जरा नम्र. तिसऱ्यात मी नाही. तो अर्ध्या पानाचा झाला. तुला दाखवणार नाही, तसा रिवाज नाही.

आता आकडे. सोबत गंधारची वही, जशीच्या तशी, खाडाखोडीसकट. चोवीस उंदीर, एकशे चव्वेचाळीस स्लाइड. स्लाइड येत्या दोन दिवसांत खोक्यांत बांधून म्हैसूरला पोचतील, गंधार स्वतः घेऊन येतो आहे. तुझ्या लेखात त्याचं नाव घालावंस. त्याने मेहनत केली आहे आणि त्याला काही माहीत नव्हतं. माझं नाव कुठेही नको. आभारातही नको. हे मी मोठेपणाने म्हणत नाही. आभारात मला चौथ्या ओळीत बघणं मला सहन होणार नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पिंजरा नऊ आणि पिंजरा चौदा. या दोघांना सोबत होती, तरी त्यांच्या पेशी गेल्या. एकट्या उंदरांइतक्याच गेल्या. गंधार म्हणाला, हे दोन वगळले तरी निष्कर्ष तोच राहतो, अपवाद म्हणून तळटीप देता येईल. तसं करू नकोस. मी एकदा न पटलेले पिंजरे वगळायला लावले होते.

ते दोन आकडे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला काय झालं, तेही लिहिते, कारण तुझ्यापासून लपवायला आता काही उरलेलं नाही. मला आनंद झाला. सहा महिन्यांतला पहिला खरा आनंद, अगदी बोटांच्या टोकांपर्यंत. म्हटलं, सापडली. हिच्या भिंतीतली फट सापडली. रात्रीचं जेवण दोनदा वाढून घेतलं. उपेंद्र म्हणाले, 'आज काय, त्या मुलीचा पेपर वाईट निघाला वाटतं?'

नंतर तीन दिवस मी त्याच दोन पिंजऱ्यांच्या स्लाइड बघत बसले. मान गेलेली असताना, जुन्या मायक्रोस्कोपवर. का गेल्या असतील त्यांच्या पेशी? सोबती ओळखीचा होता, पण पटणारा होता का? वहीच्या समासात अंजलै अम्मांनी सांगितलेलं काही गंधारने पेन्सिलीने टिपलंय. ते नीट वाच. मला त्यावर काय वाटतं ते तुला कळवावं असा माझा हात शिवशिवतो आहे. चांगलं आहे ते. तुझ्या लेखापेक्षाही चांगलं असेल.

पण ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर ते माझं होईल, आणि या वेळी तुझ्या आधी काही म्हणायची माझी इच्छा नाही. ती इच्छा आहे, खरं तर. फार आहे. म्हणून पाकीट आत्ताच बंद करते.

तुला काय दिसलं ते आधी तू लिही.

विद्युलता